नदीपलीकडे न वाजलेला बिगुल

मी एक जुना बिगुल आहे, आणि माझ्याइतके चकचकीत म्हातारपण तुम्ही क्वचितच पाहिले असेल. मेरिन्डा गावच्या माजी सैनिकांच्या क्लबात, बिअरच्या नळांच्या वर, काचेच्या पेटीत मी राहतो. येणारे-जाणारे मान वर करून म्हणतात, "केवढा जपलाय बघा!" मित्रांनो, त्या जपण्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म सिडनीच्या एका कारखान्यात झाला. तांब्याचे अंग आणि पितळेची कडा, बस्स. मला ना कळ ना बटण. माझा सूर फुंकणाऱ्याच्या ओठांत असतो, आणि तसे ओठ मला दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या चिखलात मिळाले. ते लेस्टर डोनोव्हनचे होते.

लेस्टर मेरिन्डाचाच, पण नदीपलीकडचा. तिथे या भूमीच्या मूळ लोकांची पत्र्याच्या झोपड्यांची वस्ती होती. भरतीवाल्यांनी पहिल्यांदा त्याचा रंग बघून त्याला परत पाठवले. माणसे कमी पडू लागली तेव्हा त्यालाच बोलावून घेतले. तो मात्र मनात काही न ठेवता गेला. म्हणायचा, "देश माझा आहे. आधी मी जायला हवं, बाकीच्यांनी मागून यावं."

साथीदारांना मातीत घालताना लेस्टर मला ओठाशी लावत असे आणि निरोपाची धून वाजवत असे. अंगापिंडाने दांडगे असलेले जवान ती ऐकून लहान मुलांसारखे रडत. त्याच तुकडीत मेरिन्डाच्या बेकरीवाल्याचा मुलगा केव्ह मलहॉल होता. हिवतापाने तो उभा राहू शकेना, तेव्हा लेस्टर त्याला पाठीवर घेऊन अख्खी घाटवाट उतरला. मी लेस्टरच्या गळ्यात लटकत होतो, त्यामुळे त्यांचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले.

"लेस्टर, तू सगळ्यांसाठी वाजवतोस," केव्ह कण्हत म्हणाला, "तुझ्यासाठी कोण रे वाजवणार?"

"तू."

"मला धड शिट्टी वाजवता येत नाही."

"मग शीक की. तोवर मी मरायचा थांबतो." लेस्टर हसला. थोडे चालून गेल्यावर म्हणाला, "थट्टा नाही हां, केव्ह. मला पुरताना ही धून पाहिजे. बाकी काही नको."

"दिला शब्द, भावा."

युद्ध संपले. लेस्टरच्या झोपडीचे छप्पर गळत होते. "बिगुल क्लबात ठेवू, कोरडा राहील," असे केव्ह म्हणाला, आणि मी क्लबाच्या खुंटीला लागलो. लेस्टर मात्र दाराबाहेरच राहिला. त्याच्या लोकांना तिथे सभासद होता येत नसे.

याला अपवाद एका दिवसाचा होता. पंचवीस एप्रिलला, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, उजाडायच्या आधी सारा गाव स्मारकापाशी जमे. लेस्टर पदके लावून यायचा आणि मला ओठाशी धरायचा. टोप्या खाली उतरत. गव्हाच्या कोठारावरचे काकाकुवासुद्धा गप्प बसत. नंतर सगळे त्याला ओढून क्लबात नेत. चहात रम ओतली जाई, तव्यावर सॉसेज चरचरत, मागच्या अंगणात नाणी उडवून पैजा लागत. "आपला लेस्टर!" म्हणून पाठीवर थापा पडत. "याला म्हणतात अस्सल ऑस्ट्रेलियन!" एरवी त्याच्या लोकांना दारू विकणे हा कायद्याने गुन्हा होता, पण त्या दिवशी पोलीसही त्याच्या पेल्याला पेला भिडवी.

एका वर्षी त्याची टोपी क्लबातच राहिली. दुसऱ्या दिवशी तो ती न्यायला आला, तर बारवाल्याने ती खिडकीतून हातात दिली आणि दार काही उघडले नाही. आत केव्ह बसला होता.

"काय रे केव्ह," लेस्टर खिडकीतून म्हणाला, "कालचा मी रात्रीत मेलो की काय?"

केव्ह आपल्या बुटांकडे बघत राहिला. "नियम आहे, भावा. मी एकटा काय करणार?"

"काही नको करूस. चहा पी, गार होतोय," लेस्टर म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवून नदीकडे निघाला.

पुढे त्याची फुप्फुसे गेली आणि ऐन थंडीत तो वारला. त्याची मुलगी नोरीन तेव्हा दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला होती. ती तशीच ओल्या हातांनी क्लबाच्या दाराशी आली. आत समितीची बैठक चालू होती आणि केव्ह आता चिटणीस झाला होता.

"बाबांना उद्या पुरायचंय," ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "तासाभरासाठी बिगुल द्या. फौजेतला एक वाजवणारा यायला तयार आहे."

अध्यक्ष प्रिचर्डसाहेब मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांचे मालक होते. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या वडिलांबद्दल आम्हाला अभिमानच आहे. पण बिगुल फक्त सभासदांच्या अंत्यविधीला जातो. एप्रिल असता, तर काहीतरी बघता आलं असतं."

"म्हणजे बाबांची मरायची तारीख चुकली?" नोरीन म्हणाली.

तिने केव्हकडे पाहिले. त्याने तोंड उघडले आणि मिटले. मित्रांनो, मी लढाईत माणसे मरताना पाहिली आहेत, पण त्या मिटलेल्या तोंडाइतके मला काहीच लागले नाही. ज्याने मला आयुष्यभर श्वास दिला, त्याला माझा एक सूर मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे त्याला मुकाट्याने पुरले, तेव्हा मी खुंटीला होतो. केव्ह माझ्या खाली पेला भरून बसला होता. तो त्याने संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

त्यानंतर गावात मला वाजवणारा कुणी उरला नाही. एप्रिलमध्ये ध्वनिफीत लावू लागले. माझा मान मात्र वाढतच गेला. गावाच्या शतकमहोत्सवात तर देशाभिमानाला नुसते उधाण आले होते. पोरे गालांवर झेंडे रंगवून हिंडत होती, मोटारींवर झेंडे फडफडत होते. तेव्हा समितीला माझी आठवण झाली. त्यांनी माझ्या अंगाला दोन भोके पाडली आणि झेंडा रंगवलेल्या फळीवर मला स्क्रूने घट्ट बसवले. खाली 'मेरिन्डाचा अभिमान' अशी पाटी ठोकली. भोके पाडताना टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत केव्हही होता.

काळ बदलला. ते जुने नियम गेले, नदीपलीकडची माणसे क्लबात येऊन बसू लागली. नोरीन मात्र कधी आली नाही. केव्ह म्हातारा झाला आणि अध्यक्षही झाला. या सगळ्या काळात तो बेकरीमागच्या खोलीत जुन्या बाजारातल्या एका कर्ण्यावर ती धून शिकत होता, हे मला फार उशिरा कळले. अखेर एका एप्रिलमध्ये त्याने जाहीर केले, की लेस्टरच्या कबरीवर त्याचाच बिगुल वाजेल.

सारा गाव हातात छोटे झेंडे आणि फळीसकट मला घेऊन पूल ओलांडून गेला. कबरीपाशी केव्हने मला फळीवरून सोडवले, भोकांवर बोटे दाबली आणि सारी छाती रिती करून फुंकले. माझ्यातून नुसता वारा निघाला. त्याने पुन्हा फुंकले. त्याचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. माझ्या गळ्यात ती धून अजून होती हो, पण ती त्या दोन भोकांतून, त्याच्या बोटांखालून गळून जात होती. मागून कुणीतरी हळूच म्हणाले, "गाडीत ध्वनिफीत आहे, लावू का?"

"नको," नोरीन म्हणाली. तिचेही केस आता पांढरे झाले होते. तिने केव्हच्या हातातून मला काढून घेतले.

"मला माफ कर, पोरी," केव्ह म्हणाला. "मी शिकलो होतो. खरंच शिकलो होतो."

"कळलं मला, केव्हकाका." ती त्याच्यावर रागावली नाही, आणि तेच त्याला सोसवले नाही. "त्या दिवशी बिगुल नसता आणलात तरी चाललं असतं. तुम्ही नुसतं येऊन उभं राहायला हवं होतं. बाबांनी मरेपर्यंत तुमचीच वाट बघितली."

केव्ह कबरीपाशी गवतातच खाली बसला. लोक झेंडे खाली करून एकेक करत परत गेले.

मला पुन्हा पेटीत ठेवले आहे. रोज पुसतात, आणि मी छान चमकतो. मित्रांनो, देशावर प्रेम करा, झेंडा उंच धरा. पण ज्याच्या पाठीवर बसून तुमचा देश घाट उतरला, त्याच्यासाठी दार उघडायला एप्रिलची वाट बघू नका. तो जिवंत आहे तोवर जा.