गोठ्यात फुटलेलं पाणी

"ताई, आता पाण्याला विहिरीवर जायला नको. झराच घरात आलाय," धनेश फोनवर हसत सांगत होता. "गोठ्यात, म्हशीच्या पायाखाली पाणी फुटलंय. सकाळपासनं वाहतंय. बाबा म्हणतात, म्हशीनं नशीब काढलं."

दर्शना शिगवणने हातातलं पेन खाली ठेवलं. जुलैचा दुसरा आठवडा होता. फोर्टातल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या सरकारी कार्यालयात दुपारीच दिवे लावावे लागले होते.

"पाणी कसलं आहे? स्वच्छ?"

"गढूळ, तांबडं. येईल निवळून."

"आणि घरामागचा डोंगर?"

"डोंगराला काय झालंय? जाग्यावर हाय. वरचे दोन फणस जरा कलल्यासारखे वाटतात, पण वारा काय थोडा सुटलाय?"

"धनेश, तू घराबाहेर थांब. मी पाच मिनिटांत फोन करते."

"आता काय झालं?" असं तो विचारेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

दर्शना एकोणपन्नास वर्षांची. गिरणी बंद पडल्यावर तिचे वडील, गुणाजी, धाकट्या धनेशला घेऊन खेड तालुक्यातल्या आपल्या वाडीत परतले आणि लालबागची दहा बाय बाराची खोली हिच्याकडे राहिली. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे आताशा कुणी विचारत नव्हतं. सत्तावीस वर्षं नोकरीत गेली होती. नजरेत भरावं असं तिने काही केलं नव्हतं, फक्त तिने लिहिलेल्या कागदात कधी चूक निघाली नव्हती. म्हणूनच गेल्या वर्षी वैद्यसाहेबांनी राज्यातल्या आपत्तींचा जिल्हावार इतिहास संकलित करायचं काम तिच्याकडे दिलं. साठ-सत्तर वर्षांचे पूर, भूकंप, वादळं, दरडी. पानशेत, कोयना, किल्लारी, माळीण, तळिये, इर्शाळवाडी. जुन्या फायली यायच्या, वाळवीने खाल्लेल्या, आणि ती एकेक ओळ करून तक्त्यात उतरवायची.

सुरुवातीला ते नुसते आकडे होते. २६ जुलै २००५ ची नोंद करताना मात्र तिचा हात थबकला. सांताक्रूझला नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर, कुलाब्याला चौऱ्याहत्तर. त्या दिवशी ती याच टेबलाशी बसली होती. पाऊस आहे जरा, असं म्हणून पाच वाजता छत्री घेऊन निघाली आणि हिंदमाताला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. एकाच शहरात राहून उपनगरात काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं.

मग दरडींतून वाचलेल्या माणसांचे जबाब हाती येऊ लागले. ते तक्त्यात घ्यायचे नव्हते, तरी ती वाचत राहिली. जिल्हे वेगळे, सालं वेगळी, पण माणसं तेच सांगत होती. झाडं कलली होती. जमिनीला चीर गेली होती. नव्या ठिकाणी पाणी फुटलं होतं, गढूळ.

ती वैद्यसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यासमोरच तालुक्याला फोन लावला. तिथल्या माणसाने नावं लिहून घेतली. नदीचं पाणी पुलावरून जात होतं. पुलावरचं पाणी उतरलं की लगेच कुणीतरी जाईल, असं त्याने सांगितलं.

"शिगवणबाई," साहेब म्हणाले, "आपल्याला करता येण्यासारखं केलंय."

"हो सर," ती म्हणाली. बाहेर येऊन तिने धनेशला फोन केला आणि संध्याकाळी सहाला सगळ्या वाडीला ओटीवर जमवायला सांगितलं. एका जबाबाची छायाप्रत तिने पर्समध्ये ठेवली आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच न विचारता लवकर घरी निघाली.

संध्याकाळी सहाला तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि वाडीत फोन केला. धनेशने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. ओटीवर वाडीतली बरीच माणसं जमल्याचं आवाजावरून कळत होतं.

"दर्शू, काय गो येड लागलं तुला?" गुणाजींचा आवाज आला. "ह्या डोंगराखाली माझा आजा जन्मला. मला डोंगर शिकवतेस?"

"बाबा, फक्त आजची रात्र शाळेत जा. सगळे जा."

"आनि गुरं?" ही गंगुबाई, शेजारच्या घरातली. दर्शनाची आई गेल्यापासून सुट्टीत तिला न्हाऊ-माखू घालणारी, आणि कुणाचंही तोंडावर ऐकून न घेणारी. "तू मुंबैत बसून पंख्याखाली सांगतेस. हितं चिखलात म्हाताऱ्यांनी कुठं जायचं?"

दर्शनाला वाद घालता येत नसे. तिने पर्समधून कागद काढला.

"मी एक वाचते. ऐका सगळ्यांनी. मग काय ते ठरवा." आणि ती वाचू लागली, ऑफिसात वाचतात तशी, एका सुरात. "'आदल्या दिवशी दुपारी आमच्या चुलीमागे पाणी फुटले. ते गढूळ होते. माझी सासू म्हणाली, गंगा घरी आली. आम्ही हळदकुंकू वाहिले. शेजारी बघायला आले होते, तेही हसले. संध्याकाळी अंगणाला बोटभर चीर दिसली. माझ्या नवऱ्याने ती शेणाने लिंपली. मी पहाटे माहेरी जायला निघाले म्हणून...'"

ती थांबली.

"म्होरं?" कुणीतरी विचारलं.

"पुढे नावं आहेत. नावापुढे वय. वाचू?"

मग गुणाजी खाकरले. "नको. धनेश, कंदील घे. पोरं पुढं घाल. गंगू, म्हस सोड तुझी, ती येईल मागनं."

अकरा घरांतली बावन्न माणसं पऱ्याचा ओढा ओलांडून पलीकडच्या शाळेत गेली. नऊ वाजता धनेशने तसा फोन केला, तेव्हा कुठे दर्शनाने भात टाकला.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तालुक्याचा माणूस आला, डोंगराकडे बघून कागद करून गेला. परवानगीशिवाय परत जाऊ नका म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. लख्ख ऊन पडलं, गोठ्यातलं पाणीही आटलं. दोन वर्गांत बावन्न माणसं, एक संडास, ओली लाकडं, आजारी पोरं. लावणी अर्धी राहिलेली.

"ताई, लोक घरी जातो म्हणतायत," धनेशचा फोन आला. "तू सांग. जावं का?"

दर्शना टेबलावरच्या तक्त्याकडे बघत राहिली. यात पडलेले डोंगर होते. ज्यांच्या पायथ्याशी पाणी फुटलं, झाडं कलली आणि जे तरीही उभे राहिले, ते डोंगर कुठे लिहिले होते? त्यांची फाईल कुणी केली नव्हती.

"मला वाटतं, जाऊ नये," ती म्हणाली.

"वाटतं? नक्की सांग ना."

"नक्की कसं सांगू रे?"

मागून गंगुबाईचा आवाज आला. "तिला म्हणावं, आता पुढच्या वेळी काय वाचून दाखवायचं ते स्वतःलाच दाखव. माझी म्हस तीन दिस दूध देत नाय घाबरून." त्यावर हशा झाला. तो बराच वेळ चालला.

परवानगीची वाट न बघता शनिवारी सगळे घरी परतले. वाडीच्या मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी तिला 'हवामान खातं' असं नाव ठेवलं. करी रोडला बाजारात वाडीतलाच विनीत भेटला. "काय दर्शनाताय, आज छत्री घेऊ का नको?" म्हणाला. तीही हसली. घरी येऊन तिने तो जबाब परत फाईलमध्ये लावायला काढून ठेवला.

त्यानंतर अकरा दिवसांनी पाऊस पुन्हा धरला. बुधवारी दिवसभर कोकणातले आकडे येत होते आणि दर तीन तासांनी वाढत होते. तालुक्यांना इशारे गेले, तिच्याही तालुक्याला. नेहमीच्या शब्दांत, नेहमीच्या नमुन्यात. दुपारी तिने फोनवर धनेशचं नाव काढलं आणि त्यावर बोट धरून बसली. काय सांगणार होती? गोठ्यात पाणी आलं असतं, तर त्याने फोन केला असता. त्याने केला नाही, म्हणजे आलं नसेल. आणि पुन्हा सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा काही झालं नाही तर? ते हसणं तिच्या कानात अजून होतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. संध्याकाळी परळला पाणी भरलं होतं. ती भोईवाड्याकडून वळसा घालून घरी आली.

गुरुवारी सकाळी ती केस विंचरत होती, तेव्हा ऑफिसातल्या अपूर्वाचा फोन आला. अपूर्वा नियंत्रण कक्षात सकाळपाळीला होती.

"मॅडम, तुम्ही बसल्या आहात ना?"

"बोल."

"पावणेसहाला. तुमच्या तालुक्यात." अपूर्वाला नाव घेता येईना. "मॅडम, अकरा घरांची वाडी. सात घरं..."

दर्शना खाली बसली. तिने धनेशला फोन लावला. लागला नाही. सोळा वेळा लावला. सतराव्यांदा लावणार, तोच त्याचा आला.

"ताई, आम्ही हाय," तो म्हणाला. "बाबा, प्रिती, पोरं, सगळे. आम्ही शाळेत होतो."

"शाळेत? कधी गेलात?"

"आम्ही रोज रात्री शाळेतच निजायचो. तू म्हणालीस ना, जाऊ नये." त्याचा श्वास लागत होता. "लोक हसले असते म्हणून सांगितलं, घर गळतंय. मी स्वतःच वरची पाच-सहा कौलं काढली होती. बाबांनी बघितलं, पण बोलले नाहीत."

"आणि बाकीचे?"

"काल तिन्हीसांजेला गंगूकाकीच्या ओट्याखाली पाणी फुटलं. मी बघितलं, ताई. मी तिथंच उभा होतो. तोंडापर्यंत आलं होतं, चला म्हणून. पण परत काय झालं नसतं तर?" मग तो लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "मी तुला पण फोन नाय केला. तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

"मीही केला नाही रे," दर्शना म्हणाली. त्याने ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

एकोणीस माणसं गेली. जे जिवंत निघाले, त्यांतले चौघे जास्त जखमी होते. त्यांना रुग्णवाहिकांनी मुंबईला हलवलं आणि परळच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. दर्शना शुक्रवारी दुपारी तिथे गेली. बायकांच्या वॉर्डात खिडकीशेजारच्या खाटेवर एक म्हातारी डोळे मिटून पडली होती. मांडीपासून प्लॅस्टर, कपाळावर टाके, केसांत वाळलेली माती. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे सत्तर.'

"सिस्टर, हे खोडा," दर्शना म्हणाली. "गंगुबाई तुकाराम गोरिवले. वय चौऱ्याहत्तर."

मेलानी सिस्टरने पेन काढलं. "थँक गॉड, कोणतरी आलं. कालपासून नाव नाही, काय नाही. तुम्ही कोण हिच्या? मुलगी?"

"नाही."

"मग नातं काय लिहू?"

"वाडीतली म्हणून लिहा."

"असं नसतं लिहीत," मेलानी म्हणाली, पण मग तिने दर्शनाच्या तोंडाकडे बघितलं आणि तसंच लिहिलं.

दर्शनाने टबात कोमट पाणी आणलं. उशीवर टॉवेल पसरून ती म्हातारीचे केस थोडे थोडे ओले करून माती काढू लागली. गंगुबाईचा मुलगा आणि सून अजून सापडले नव्हते. हे तिला कुणी सांगितलं होतं का, ते माहीत नव्हतं. दोनदा पाणी बदललं, तरी केसांतून खडे निघत होते. तिसऱ्यांदा टब घेऊन ती परतली, तेव्हा गंगुबाईने डोळे उघडले होते.

"दर्शू?"

"हो काकी. मीच."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. एखादी गोष्ट खरंच कळत नसावी, तशी ती बघत होती.

"ह्या टायमाला तू फोन नाय केलास गो?"

दर्शनाने टब खाली ठेवला. इशारा पाठवला होता, असं सांगता आलं असतं. तुम्हीच हसला होतात, असंही सांगता आलं असतं.

"नाही केला, काकी," ती म्हणाली.

गंगुबाईने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर टॉवरच्या काचांवर ढग उतरले होते. मग ती म्हणाली, "घोटभर च्या मिळंल काय कुठं?"

सिस्टरला विचारून दर्शना खाली गेली. इस्पितळाच्या फाटकाबाहेर टपरीशी नातेवाइकांची गर्दी होती. तिने काचेचा ग्लास परत आणून देईन असं कबूल केलं, साखर जास्त घालायला सांगितली. ती निघाली आणि आवारात मधोमध असतानाच सर धरून आली. लोक आडोशाला पळाले. दर्शनाला पळता येईना, चहा हिंदकळला असता. तिने ग्लासवर तळहात पालथा धरला आणि वाफ लागून हात भाजत असताना, भिजत, सावकाश पावलं टाकत ती जिन्याकडे चालत राहिली.