सहा रांगांचं ताट

अर्लीन ब्रूसार्डने पावाची पिशवी उचलून परत कपाटात टाकली आणि कपाटाचं दार खाडकन लावलं.

"टोस्ट मी भाजणार नाही," ती म्हणाली. "आणि डब्यातलं सूपही गरम करणार नाही."

टेबलाशी बसलेल्या मारिवेल ओकाम्पोने मांडीवरच्या कागदांतून मान वर केली. इस्पितळाने तिला पाठवलं होतं. लकवा येऊन गेलेलं माणूस घरात एकटं राहू शकेल का, हे ती त्याच्याकडून घरातलीच कामं करवून घेऊन ठरवायची. अर्लीनचं अंघोळीचं पाहून झालं होतं, मागच्या पायऱ्यांचं झालं होतं, ब्लाउजची बटणं लावून झाली होती. राहिलं होतं स्वयंपाकघर.

"सोपं आहे म्हणून टोस्ट, मिसेस ब्रूसार्ड. मी सगळ्यांनाच तेच सांगते."

"सगळ्यांनी विल्शायर रस्त्यावरच्या हॉटेलात एकतीस वर्षं सॅलड लावलंय का?"

"अगं आई," खिडकीशी उभा असलेला रोलंड म्हणाला, "त्या सांगतायत तेवढं कर ना. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि दहा मिनिटांनी काय कळेल? मला टोस्ट भाजता येतो. मग? टोस्टवर काढू का उरलेले दिवस?" अर्लीनने खुंटीवरचा एप्रन काढला. "मी रोज जे खाते ते करून दाखवते. आज मंगळवार. मंगळवारी माझं कॉब सॅलड असतं, सहा रांगांचं. बघायचं तर ते बघा."

मारिवेलने घड्याळाकडे पाहिलं. तिशीच्या आतबाहेरची, पायांत पांढरे बूट, केस घट्ट बांधलेले. तिने कागदाचं एक पान उलटलं.

"सुरी आहे त्यात," ती म्हणाली.

"आहे ना. आणि गॅसही आहे. दोन शेगड्या."

रोलंडने डोळे मिटून घेतले. गॅसचंच तर सगळं होतं. जानेवारीत लकवा आला आणि अर्लीनचा डावा हात लुळा पडला. तिथवर तिने निभावलं. पण मे महिन्यात तिने मटाराचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि ती मागच्या अंगणात जाऊन बसली. भांडं करपलं, खिडकीतून धूर निघाला, शेजारच्यांनी फोन केला आणि इंगलवुडमधल्या त्या लहानशा गल्लीत आगीचा बंब येऊन उभा राहिला. तेव्हापासून रोलंडने टॉरन्सच्या एका वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं आणायला सुरुवात केली होती. स्वच्छ खोली होती, खिडकीतून बाग दिसत होती. अर्लीनने एकच विचारलं होतं, खोलीत शेगडी आहे का. नव्हती. आज मारिवेल जे लिहून नेणार होती त्यावर ती खोली अवलंबून होती.

अर्लीनने नळाखाली फडकं भिजवलं, उजव्या हाताने ओट्याच्या कडेवर दाबून पिळलं आणि भाजी चिरायच्या लाकडी पाटाखाली पसरलं. पाट हलेनासा झाला. एका शेगडीवर अंडी ठेवली, दुसऱ्या शेगडीवर तव्यात बेकनच्या पट्ट्या. खिशातून लहानसं गजराचं घड्याळ काढून तिने ते दातांत धरलं, कळ फिरवली आणि परत खिशात टाकलं.

"ते कधी आणलंस?" रोलंडने विचारलं.

"बंब गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू वृद्धाश्रम शोधत होतास ना, तेव्हा."

रोलंड परत खिडकीकडे वळला.

तिने लेट्यूसचा गड्डा पाटावर ठेवला. त्यावर डाव्या हाताची मूठ ठेवली. बोटं उघडत नव्हती, पण हाताला वजन होतं, आणि तेवढं वजन पुरत होतं. उजव्या हातातली सुरी टोकावर टेकून खालीवर डोलू लागली. पानं इतकी बारीक होत गेली की मारिवेल लिहायची थांबून पाहत राहिली. मग तिखट पाल्याची जुडी. मग टोमॅटो, बिया काढून.

"कोंबडी काल शिजवून ठेवली होती," अर्लीन म्हणाली. "शुक्रवारी कोंबडी नसते, कोळंबी असते. घरात काहीच नसेल तर चवळी. माझ्या नवऱ्याला चवळीचंच जास्त आवडायचं. हॉटेलात असलं काही चालवून घेतलं नसतं, पण घर माझं होतं."

खिशातलं घड्याळ वाजलं. तिने अंड्यांखालचा गॅस बंद केला, अंडी गार पाण्यात टाकली. बेकनच्या पट्ट्या चिमट्याने उलटल्या, थोड्या वेळाने उचलून कागदावर काढल्या आणि ती शेगडीही बंद केली. तव्यातून शेवटचा धूर वर गेला तशी मारिवेल खुर्चीतून अर्धवट उठली.

"बसा," अर्लीन म्हणाली. "बंद केलंय."

अंड्यांनी मात्र सतावलं. पहिलं सोलताना निसटलं आणि फरशीवर पडून फुटलं. रोलंड पुढे झाला.

"हात लावू नकोस."

"अगं, पाय घसरेल तुझा—"

"माझी फरशी आहे, माझं अंडं आहे. हो बाजूला."

तिने कागदाने ते पुसून घेतलं. त्यासाठी तिला ओट्याला धरून खाली बसावं लागलं, आणि उठायला त्याहून जास्त वेळ लागला. कपाळावर घाम आला होता. दुसरं अंडं तिने पाटावर हलकेच लोळवलं, कवचाला बारीक तडे पाडले, आणि मिटलेल्या डाव्या मुठीच्या खळग्यात बसवून नळाच्या धारेखाली धरलं. कवच सरकून निघालं. तिसरंही निघालं. चौथंही.

मग ती फ्रिजकडे गेली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

फ्रिज घरघरत होता. घरावरून एक विमान उतरायला खाली आलं, खिडकीची तावदानं थरथरली, विमान गेलं. अर्लीन उभीच होती. तिचा उजवा हात दारावर होता आणि नजर आतल्या फळीवर, पण ती काही पाहत नव्हती. रोलंडने तोंड उघडलं. मारिवेलने त्याच्याकडे न पाहता एक बोट वर केलं.

अर्लीनने दार लावलं. ती पाटाशी परत आली, ओट्यावर मांडलेल्या वस्तूंवरून तिने नजर फिरवली आणि पुटपुटली, "पाला. कोंबडी. बेकन. अंडं. टोमॅटो. अव्होकाडो." थोडं थांबून ती म्हणाली, "चीज." आणि फ्रिज उघडून निळ्या शिरांचं चीज काढलं.

"लिहून घ्या ते," पाठ न वळवताच ती म्हणाली. "विसरले मी. आणि मग आठवलं. दोन्ही लिहा."

मारिवेलने लिहिलं.

ताटं तयार झाली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. तीन मोठी पांढरी ताटं. तळाला हिरवा पाला आणि त्यावर एकमेकीला चिकटून सहा सरळ रांगा: कोंबडी, बेकन, अंडं, टोमॅटो, अव्होकाडो, चीज. एकही रांग दुसरीत मिसळलेली नव्हती. वरून पातीच्या कांद्याची चिमूट, आणि बाटलीत हलवून केलेलं व्हिनेगर आणि तेल.

"मला ड्युटीवर खाता येत नाही," मारिवेल म्हणाली.

"मग चव कशी लिहिणार?"

"चवीचा रकाना नाहीये, मिसेस ब्रूसार्ड."

"तिथेच तर चुकलाय तुमचा कागद. टोस्टला चव नसते म्हणून तो रकाना कुणाला सुचला नाही. घ्या तो काटा."

मारिवेलने एकदा रोलंडकडे पाहिलं, कागद बाजूला सारले आणि काटा घेतला. पहिला घास तिने औपचारिकपणे खाल्ला. दुसरा तसा नव्हता.

"माझी आजी बसलेली असायची अशी समोर," ती म्हणाली. "सेबूला, आमच्या बेटावर. ताट संपेपर्यंत उठू द्यायची नाही."

"शहाणी होती."

अर्लीन स्वतः जेवायला बसली, पण खाणं बाजूलाच राहिलं. ती मुलाकडे पाहत होती. रोलंड मान खाली घालून खात होता. रांगा मोडत नव्हता, एकेक करून संपवत होता, लहानपणी खायचा तसा. पण इतकं भराभर तो लहानपणीही खायचा नाही. घास गिळायच्या आत दुसरा उचलत होता. बेकन संपलं, अंडं संपलं, तळाचा पाला त्याने काट्याने गोळा केला. सदऱ्याची कॉलर त्याच्या मानेभोवती सैल पडली होती. पट्ट्याला सुरीने पाडलेलं एक नवं भोक होतं, वेडंवाकडं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, आणि हे आपल्याला आज दिसतंय, असं अर्लीनच्या मनात आलं. सहा महिने तो दर आठवड्याला येत होता आणि ती नुसती भांडत होती.

"कोरीनसाठी डब्यात भरून देते," ती म्हणाली. "पाला आहे अजून. माझ्या सुनेला आवडतं हे."

"नको."

"का नको? रात्री खाईल ती."

रोलंडने काटा खाली ठेवला. "घरी कुणी नाहीये खायला, आई."

अर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"कधीपासून?"

"मार्चपासून. बहिणीकडे गेलीय, फिनिक्सला. येणार नाही ती." तो जरा हसल्यासारखा झाला. "तू इस्पितळातून नुकती आली होतीस. तेव्हा काय सांगणार होतो?"

मारिवेलने आपलं ताट हळूच पुढे सरकवलं आणि उगाच कागद जुळवले. अर्लीनने आपल्या ताटातली अर्धी कोंबडी उचलून मुलाच्या ताटात टाकली. तो नको म्हणाला नाही.

"आता शेवटचं पान," थोड्या वेळाने मारिवेल म्हणाली. तिचा आवाज कामाचा होता, पण खालचा. "सुरी, शेगडी, क्रम, सुरक्षितता हे मी भरलंय. तुम्ही विसरलात तेही आहे आणि सावरलात तेही. हे काही सरळ पास-नापास नाही, मिसेस ब्रूसार्ड. बरंचसं ह्या एका प्रश्नावर ठरतं." तिने पेन टेकवलं. "घरात तुमच्यासोबत आणखी कुणी राहतं का?"

"राहतं," अर्लीन म्हणाली.

पेन थांबलं. रोलंडने मान वर केली.

"माझा मुलगा राहतो. मागच्या खोलीत."

"मिसेस ब्रूसार्ड," मारिवेल सावकाश म्हणाली, "जे खरं आहे तेवढंच मला लिहिता येतं. खाली माझी सही असते."

"मी खोटं सांगितलेलं नाही. विचारा त्याला."

अर्लीनने आपला काटा उचलला आणि खायला लागली. दोघांकडेही तिने पाहिलं नाही. तिने अव्होकाडोचा तुकडा टोचला, चीजमध्ये बुडवला, तोंडात घातला आणि शांतपणे चावत राहिली. तिला काही सिद्ध करायचं उरलेलं नव्हतं. गल्लीत कुणाचा तरी कुत्रा भुंकून गप्प झाला.

"मिस्टर ब्रूसार्ड?" मारिवेल म्हणाली. "तुम्ही इथे राहता?"

रोलंडने स्वयंपाकघरभर पाहिलं. ओल्या फडक्यावरचा पाट, कागदावर उरलेली बेकनची एक पट्टी, ओट्याला टेकून ठेवलेली आईची काठी. त्याने नाक ओढलं आणि सदऱ्याच्या बाहीनेच तोंड पुसलं.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून लिहू?"

"आजची तारीख घाला," रोलंड म्हणाला, आणि उठून त्याने ती बेकनची पट्टी खाल्ली.