पाहुण्यांच्या बाजूचा मफलर

लोकरीला काळा रंग एका उकळीत बसत नाही. दोन उकळ्या लागतात, वर मूठभर मीठ.

केपटाऊनच्या मोठ्या मैदानाच्या एका टोकाला कुंपण होतं. कुंपणाच्या आतले लोक पाहुण्यांसाठी ओरडायचे.

न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे देश रग्बीत पहिल्यांदा १९२१ साली भिडले. तेव्हा मी मेंढीच्या अंगावरही नव्हतो.

सोललेलं संत्रं फेकून मारलं तर लागत नाही. न सोललेलं लागतं.

बाप मुलाच्या चुकीवर आनंदाने ओरडू शकतो.

मित्रांनो, हे पाचही धागे माझेच आहेत. मी एक जुना काळा मफलर आहे. मध्ये मध्ये मला कसर लागली आहे, म्हणून माझी गोष्ट सलग नाही. जिथे भोक आहे तिथे मी भोक आहे असंच सांगेन.

मला गलीमाने विणलं. ती शिवणकाम करायची. तिचं जुनं घर त्या मैदानाच्या मागच्याच गल्लीत होतं. शनिवारी मैदानातून आरोळी आली की तिच्या चुलीवरचं झाकण थरथरायचं. मग सरकारने तो भाग गोऱ्यांचा ठरवला आणि मागच्या गल्लीतल्या सगळ्या मुसलमान आणि मिश्र वर्णाच्या घरांना शहराबाहेर वाळूत नेऊन टाकलं. तिथे गलीमाने आपल्या वडिलांचा राखाडी स्वेटर उसवला, लोकर दोनदा रंगात उकळली आणि मुलगा गनीफ याच्यासाठी मला विणलं. साल होतं १९७०. न्यूझीलंडचा संघ येणार होता. त्यांचा अंगरखा काळा, आपल्या देशाचा हिरवा.

"आई, आणखी लांब कर. गळ्यात दोन वेढे बसले पाहिजेत," गनीफ म्हणाला.

"गळा तुझा आहे की जिराफाचा? बस एवढाच," गलीमा म्हणाली. पण वीतभर वाढवलाच.

गनीफ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दोन बस बदलून तो आपल्या जुन्या गल्लीवरून मैदानावर गेला. जुन्या घराच्या खिडकीत परके पडदे होते. तो थांबला नाही. मला मात्र त्याने घट्ट आवळलं.

गोरे नसलेल्यांना बसायला ठेवलेल्या त्या कुंपणाच्या टोकाला त्याचा शेजारी सली आधीच जागा धरून बसला होता. सलीला गप्प बसणं माहीत नव्हतं. त्या वर्षी पाहुण्यांच्या संघात पहिल्यांदाच माओरी खेळाडू होते, गव्हाळ, अगदी आमच्या लोकांसारखे दिसणारे. आमच्या सरकारने त्यांना देशात येता यावं म्हणून 'मानाचे गोरे' असं नाव देऊन टाकलं होतं.

"बघ गनीफ, मानाचे गोरे!" सली ओरडला. "मलाही दोन तासांसाठी करा म्हणावं. पलीकडे जाऊन खुर्चीवर बसून येतो."

"तुला खुर्ची सोसायची नाही, बूता. पाठ धरेल," गनीफ म्हणाला. आमच्याकडे भावाला बूता म्हणतात.

पाहुणे नऊ-आठने जिंकले. कुंपणातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. गनीफने मला डोक्यावर गरागरा फिरवलं. तेव्हाच पलीकडच्या गोऱ्यांच्या खुर्च्यांवरून संत्री यायला लागली. एक माझ्यावर फुटलं. तो वास माझ्यातून वर्षभर गेला नाही. मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आपल्याच देशाच्या हरण्यावर इतका आनंद का व्हावा, असा प्रश्न मला पडला नाही. मी नवा होतो.

१९७६. पाहुणे पुन्हा आले. त्या हिवाळ्यात शाळेची पोरं रस्त्यावर उतरली होती आणि पोलीस त्यांच्यावर गोळ्या झाडत होते. गनीफ बूट घालत होता. गलीमाने मला खिळ्यावरून काढून मुठीत धरलं.

"पोरांचे मुडदे पडतायत आणि तुझे लाडके खेळायला आलेत? कुणाबरोबर? त्यांच्याबरोबरच ना?"

"आई, मी हिरव्यांसाठी जात नाहीये."

"ते काळे तरी कुणासाठी आले, ते विचार त्यांना. याआधी किती वेळा आपलीच सावळी माओरी माणसं घरी ठेवून आले होते ते. इथल्यांची मर्जी राखायला."

गनीफ गेला, पण माझ्याशिवाय. संध्याकाळी परतला तेव्हा हिरवे जिंकले होते. तो जेवला नाही. का, ते मला कळलं नाही. हरल्यामुळे, की गेल्यामुळे?

१९८१. या वेळी हिरवा संघ न्यूझीलंडला गेला आणि तिथलीच माणसं मैदानांभोवती उभी राहिली. या संघाशी खेळू नका, म्हणाली. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. गनीफने वर्तमानपत्रातला फोटो कापून भिंतीला लावला. डोक्याला पट्टी बांधलेली एक म्हातारी बाई होती त्यात.

"ही बघ, आई. हिने आपल्यासाठी डोकं फोडून घेतलंय."

गलीमाने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हिच्यासाठी ओरड हवं तर," ती म्हणाली.

इथे भोक आहे. तेरा-चौदा वर्षं कसरीने खाल्ली. त्यात गलीमा गेली.

१९९५. तुरुंगातून सुटलेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला होता, आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर होते. सगळा देश हिरवा झाला. कुंपणं केव्हाच काढली होती. गनीफचा वीस वर्षांचा मुलगा इगशान हिरवी टोपी घालून दारात उभा राहिला.

"बोया, आता तरी तो मफलर काढा. आता ते आपलेच आहेत."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून."

"मागच्या वर्षापासून," गनीफने तेच शब्द परत म्हटले आणि मला आणखी एक वेढा दिला. हिरवे जिंकले. गल्लीत ढोल वाजले. एका घरात मात्र एक माणूस मला तोंडाशी धरून रडत होता. माझी ओली लोकर त्याला टोचत असणार.

आता, मित्रांनो, तो दिवस. तो सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

इगशान रग्बी खेळायचा. चांगला खेळायचा. पुढे काही वर्षांनी तो हिरव्या संघात निवडला गेला आणि त्याचा न्यूझीलंडशी पहिला सामना त्याच मोठ्या मैदानावर ठरला. त्याने बापाला पुढच्या रांगेचं तिकीट पाठवलं. गनीफने ते कुणाला तरी दिलं आणि सलीबरोबर आपल्या जुन्या टोकाला जाऊन बसला. तिथे अजूनही काळेच अंगरखे होते. सवय मोडली नव्हती.

मी त्याच्या गळ्यात होतो. सकाळी घालताना त्याचे हात दोनदा थांबले होते.

"आज कुणाकडून रे तू?" सलीने विचारलं.

"पोराकडून."

"आणि गळ्यात काय आहे?"

"थंडी आहे, बूता."

पूर्वार्धभर तो गप्प बसला. उत्तरार्धात उंच उडवलेला चेंडू आमच्या बाजूला आला. खाली इगशान होता. चेंडू त्याच्या हातांत आला आणि निसटला. एका काळ्या अंगरख्याने तो उचलला आणि रेषेपलीकडे टेकवला. काळ्यांना गुण मिळाले.

सगळं टोक उसळलं. गनीफही उसळला. त्याने मला गळ्यातून ओढलं, डोक्यावर गरागरा फिरवलं, आणि तीस वर्षं ज्या आवाजात ओरडत आला होता त्याच आवाजात ओरडला.

"गनीफ," सली म्हणाला. "गनीफ, बस. तो आपला पोरगा आहे."

इगशान गुडघ्यांवर होता. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी अजून हवेतच होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. इगशान पाकात घोळलेल्या गरम तळलेल्या गोळ्यांचं, कुकसिस्टरांचं, पुडकं घेऊन आला, दर रविवारी आणायचा तसंच. ते त्याने टेबलावर ठेवलं. बसला नाही.

"काल त्या टोकाला कुणीतरी ओरडलं, बोया."

"खूप जण ओरडले."

"मला एकच ऐकू आलं."

गनीफ पुडक्याची दोरी सोडत राहिला. "मी तुला पाहिलंच नाही रे. काळा अंगरखा रेषेपलीकडे गेला, एवढंच दिसलं. इतकी वर्षं तेवढंच पाहत आलोय."

"मग मला कधी पाहणार?"

दोरीची गाठ सुटली नाही. इगशान निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

महिन्याभराने तेच दोन संघ दूर जोहान्सबर्गला खेळले. गनीफने मला खिळ्यावर टांगलं आणि टीव्हीसमोर एकटा बसला. काळ्यांनी आघाडी घेतली तेव्हा त्याचे पाय उठले. बाकीचा तो बसूनच राहिला. शेवटी शेवटी तिघांनी मिळून इगशानला खाली पाडलं आणि तो उठेना.

"ऊठ," गनीफ पडद्याला म्हणाला. अगदी हळू. "ऊठ, बाळा. मी बघतोय."

हे इगशानला कसं ऐकू जाणार? सामना संपल्यावर गनीफने फोन उचलला, नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. त्याने फोन ठेवला आणि पुन्हा फिरवला. आठ दिवस तो रोज फिरवत होता. नवव्या दिवशी पलीकडून कुणीतरी "हं" म्हणालं आणि गनीफने फोनजवळ खुर्ची ओढून घेतली.

मित्रांनो, लोकरीला ऊन दाखवा. मला कुणी दाखवलं नाही म्हणून मला भोकं पडली. आणि मैदानावर कुणी आपल्याच माणसांविरुद्ध ओरडताना दिसला, तर त्याच्यावर संत्री फेकू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. मात्र तुमच्या गळ्यात माझ्यासारखं काही असेल, तर ते फिरवण्याआधी खाली कोण पडलंय तेही पाहा. मला डोळे नव्हते. गनीफला होते.

एक धागा राहिला: गनीफही रग्बी खेळायचा, १९७३ साली तो कुंपणातल्या आमच्या लोकांच्या वेगळ्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार होता, आणि हिरव्या संघाच्या निवड समितीतला एकही माणूस त्याचा खेळ पाहायला आला नव्हता.