गप्प म्हणजे होय

मी पुंजाराम. मस्तगडला माझं पाइप-नळाच्या सामानाचं दुकान आहे, पण ती काही माझी खरी ओळख न्हाई. खरी ओळख म्हणजे मी आमच्या ऑनलाइन विधानसभेचा सभापती होतो. 'होतो' म्हणायची जिभेला आजबी सवय न्हाई.

ही विधानसभा मोबाइलवर भरायची, दर रविवारी दुपारी. स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींनी सरावासाठी काढल्ती. पक्ष, मंत्री, विरोधी पक्षनेता, कामकाजाचे नियम, सगळं खऱ्यासारखं, फक्त भत्ता न्हाई. मी सहज डोकवायला म्हणून आत शिरलो आणि वयानं मोठा म्हणून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. आता खरं सांगतो. गावाकडं केदारखेड्यात माझे भाऊ मला इचारत न्हाईत, दुकानात गिऱ्हाईक मलाच भाव शिकवून जातं, आणि घरी दैवशालासमोर माझं किती चालतं ते आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. दुनियेत एकच जागा अशी होती जिथं मी 'शांतता राखा' म्हणलो की शांतता व्हायची. ती खुर्ची मला जिवापाड प्यारी होती.

अडचण अशी, की शांतता जरा जास्तच व्हायची. नियम होता, निम्म्या सदस्यांनी माइक चालू करून 'होय' म्हणलं तरच ठराव मंजूर. आणि आमचे सदस्य कसे? एक कापूस वेचून राह्यला, एक एस्टीत, एक जेवून आडवा झालेला. माझा मेहुणा कल्याण, त्याला तर मी उपसभापती केल्तं ते तो कधी बोलत न्हाई म्हणूनच. संख्या भरावी म्हणून दैवशालालाबी तिच्या मोबाइलवरून सदस्य करून टाकलं. ती मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापायची. मी ठराव मांडून मांडून घसा कोरडा करायचो आणि एकबी कायदा पास होईना.

त्या दिवसांत राजूरला पाव्हण्यांच्या पोरीच्या सुपारीला गेल्तो. बैठकीत म्हातारी माणसं इचारतात, कोणाची काही हरकत? तीनदा इचारतात. कोणी बोललं न्हाई की सुपारी फुटली आणि सोयरीक पक्की. गप्प म्हणजे कबूल. मी तिथंच मांडी बदलली. आख्खं लग्न गप्प बसण्यावर ठरतं, मंग आमचा कायदा असा कोण लागून गेला?

घरी येऊन नियमात दुरुस्ती लिहिली. सभापतींनी तीनदा हरकत इचारावी, आणि जो गप्प, त्याचं मत 'होय' धरावं. इरम नावाची पोरगी आमची विरोधी पक्षनेता, वकिलीला शिकते, बोलणं कातरीसारखं. तिनं इचारलं, ज्याचं नेट गेलं, ज्याला त्या घडीला बोलता येत न्हाई, त्याचं काय करायचं. मी तिला खाली बसायला सांगितलं. ती तिच्या घरी बसलेलीच होती, पण सांगायची एक पद्धत असते. मंग एकेकाला फोन लावला, चहा पाजायचं कबूल केलं, हातापाया पडलो आणि एकदाचं निम्म्यांच्या तोंडून 'होय' वदवून घेतलं.

त्याच्यानंतर माझं राज्य आलं. हरकत, हरकत, हरकत, मंजूर. सभापतींना 'माननीय' म्हणावं, मंजूर. सभापतींची मुदत तहहयात, मंजूर. अविश्वासाचा नियम तेवढा खोडायचा राहून गेला. दैवशाला म्हणायची, माननीय, गॅस संपलाय. मी तेबी कौतुकच धरलं. लोक मला मानून राह्यलेत असंच मला वाटायचं. येड्याला काय शिंगं असतात?

मंग इरमनं ग्रुपवर सूचना टाकली. अंगारकीच्या मंगळवारी खास बैठक, विषय सभापतींवर अविश्वास. मी वाचली आणि खो-खो हसलो. हिच्या बाजूनं तोंड कोण उघडणार? आमच्या सभागृहात तोंड उघडत न्हाईत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? माझ्याच नियमानं आता तोंड उघडायची गरज उरली न्हाई, हे काही माझ्या टाळक्यात आलं न्हाई.

अंगारकीला मी आणि दैवशाला राजूरच्या गणपतीच्या रांगेत उभे. कानात वायर घालून मी मजेत बैठक ऐकून राह्यलो. ठराव सभापतीवर असला की खुर्चीवर उपसभापती बसतो, म्हणजे आमचा कल्याण. त्यानं घसा खाकरला आणि पहिल्यांदा हरकत इचारली. कोणी बोललं न्हाई, आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी जल्दी जल्दी माइक दाबला, पण तेवढ्या गर्दीत नेट कुठलं? त्यांचा आवाज तुटक-तुटक येई, माझा जाईना. दुसऱ्यांदा इचारलं तसा मी रांगेतच ओरडलो, "हरकत आहे! माझी हरकत आहे!" पुढच्या बाईनं वळून सांगितलं की तिचा नंबर बराबर आहे. एक स्वयंसेवक येऊन मला गप्प करून गेला, आणि मी गप्प असतानाच कल्याणनं तिसऱ्यांदा इचारलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणजे माझंबी मत माझ्याच विरोधात पडल्तं.

लई लागलं मनाला. प्रसाद गोड लागला न्हाई.

रविवारी इरम सभापती म्हणून बसली आणि तिनं पहिल्यांदा माझा 'गप्प म्हणजे होय'चा नियम काढून टाकला. आता एकेकाचं नाव घ्यायचं आणि उत्तर येईस्तोवर थांबायचं. मी म्हणलं, बिलकुल ठीक. मी लगेच ठराव टाकला की खुर्ची मला परत द्यावी. मंगळवारी सगळे दर्शनाच्या गर्दीत होते, मनातून माझेच आहेत, अशी माझी खात्री होती.

ती नाव घेऊन थांबायची आणि खरंच आवाज यायचे. जे सदस्य मी कधी ऐकलेच नव्हते, ते बोलून राह्यले. एकाचा आवाज घोगरा, एकाच्या मागं ट्रॅक्टर. माफ करा काका, न्हाई. न्हाई. कल्याण म्हणला, दाजी, न्हाई. ज्यांचा आवाज ऐकायला मी तरसलो ते सगळे त्या दुपारी बोलले, आणि माझ्या विरोधात बोलले. डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"दैवशालाबाई?" इरम म्हणली आणि थांबली.

दैवशालानं पिठाचे हात पुसले आणि माइक चालू केला. तिचा आवाज आधी स्वैपाकघरातून आला, मंग माझ्या मोबाइलमधून.

"मला आजवर कोणी इचारलंच न्हाई, म्हणून बोलले न्हाई. माझं न्हाई आहे. रविवारी तरी माणसानं घरात बसून घरात असावं."

काळजात चर्र झालं, आणि तेबी दोनदा, कारण मी ते दोनदा ऐकलं. ती भाकरी उलटायला वळली. सगळ्यात शेवटी माझं नाव आलं आणि इरम थांबली. मी माइक दाबला आणि 'होय' म्हणलो. एवढ्या मोठ्या सभागृहात माझ्या बाजूनं एक तरी माणूस पाहिजे का न्हाई?