माझ्या काचेत दोष नव्हता

स्वस्तातली म्हणून मी निवडली गेले, आणि आता तर मी जुनीही झाले आहे. मित्रांनो, मी रायफलवर बसवायची एक दुर्बीण आहे. गेली दोन वर्षे मी स्वयंपाकघराच्या खणात, बॅटरीचे सेल आणि सुतळीचा गुंडा यांच्या शेजारी पडून आहे. माझ्या दोन्ही काचा अजून स्वच्छ आहेत. ही बढाई नव्हे. त्या स्वच्छ आहेत हेच तर माझे दुःख आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझी प्रत्येक काच उजेडासमोर धरून पाहिली आणि पसंतीची मान डोलावली. मग मी खोक्यात बसून पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात, ऑगी टॉमकोच्या दुकानात आले. त्या गावातल्या कोळशाच्या खाणी केव्हाच बंद झाल्या होत्या, पण दर शनिवारी सकाळी डोंगराखाली रायफल क्लब भरत असे. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर बावीस कॅलिबरची छोटी रायफल, आणि पन्नास यार्डांवर पंचवीस वर्तुळांचा कागद. एका वर्तुळात एकच गोळी. मधला ठिपका मसुराएवढा.

एमिल साबोल मला घ्यायला आला तो त्याच्या बायकोसाठी. त्याने आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. त्याची बायको व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती आणि क्लबातली सगळ्यांत चांगली नेमबाज होती. तिची जुनी दुर्बीण खरोखरच धुरकटली होती.

"ती छत्तीस पटीची दाखव, छत्तीस पट मोठं दिसणारी," एमिल म्हणाला.

"ती तुझ्या बसपेक्षा महाग आहे," ऑगी म्हणाला. "आणि छत्तीस पटीत माणसाला स्वतःच्या छातीचे ठोकेसुद्धा दिसतात."

"मग ही? आकडा मोठा आहे, किंमत कमी."

"ती हरणं मारणाऱ्यांची. शंभर यार्डांच्या अलीकडे तिच्यातून बघताना डोकं जरा हललं, की आतली नेम धरायची फुली ठिपक्यावरून सरकते. व्हर्ना पन्नासवर मारते. तिला कळणारच नाही, चूक हाताची का दुर्बिणीची. ही घे. हिचं पुढचं कडं फिरवलं की पन्नासला जुळते."

त्याने मला वाळूच्या पिशवीवर ठेवून रस्त्यापलीकडच्या अग्निशमन दलाच्या, वर्गणीसाठी ठेवलेल्या जेवणाच्या फलकावर रोखले. एमिलने कडे फिरवले. मग डोके डावीकडे नेले, उजवीकडे नेले, वर, खाली. माझी फुली एका अक्षराच्या टोकावर होती, ती तिथून हलली नाही.

"शुक्रवारी तळलेले मासे," त्याने फलक वाचला. "स्पष्ट दिसतंय. कडेला थोडी निळी झाक आहे."

"परवडणारीत तेवढी येतेच. मधे स्वच्छ आहे ना? बघायचं असतं ते मधूनच."

असे माझे घर ठरले. एमिलने गॅरेजच्या छताला ओळंबा टांगला आणि माझी उभी रेघ त्याच्याशी जुळवून मला रायफलवर बसवले. त्याला पुरी दुपार लागली. व्हर्ना कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, इतका वेळ तू आपल्या लग्नालाही दिला नव्हतास."

पहिले वर्ष माझ्या आयुष्यातले चांगले वर्ष. अडीचशेपैकी दोनशे अठ्ठेचाळीस गुण व्हर्नाने माझ्यातून पाहून मिळवले. क्लबातल्या डेलची दुर्बीण माझ्या चौपट किमतीची होती. तो म्हणाला, "व्हर्ना, तुझी ही काय मक्याच्या पोह्यांच्या खोक्यात फुकट निघाली?"

"हो, निघाली. आता तुझा कागद दाखव, मग बोलू," ती म्हणाली. डेलने कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या वर्षी काय बिघडले ते सगळ्यांच्या आधी मला कळले. नेमबाजाचा डोळा माझ्या मागच्या काचेपाशी येतो तेव्हा तो स्थिर असतो. व्हर्नाचा डोळा फिरू लागला. ती ठिपक्याच्या बाजूला पाहू लागली, कारण जिथे पाहावे तिथेच तिला काही दिसत नव्हते. तिच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आला होता. आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्यात. कडेचे सगळे दिसे: वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या झेंड्या, कागदाचे कोपरे, डेलची लाल टोपी. फक्त मधले जाई.

एका शनिवारी तिच्या कागदावर एका वर्तुळात दोन गोळ्या लागल्या आणि शेजारचे वर्तुळ कोरे राहिले.

"दुर्बीण सरकतेय," एमिल म्हणाला.

"असेल," व्हर्ना म्हणाली.

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या टेबलावर माझी दुरुस्ती सुरू झाली. एमिलने माझे स्क्रू काढले, पुन्हा आवळले. मऊ कापडाने काचा पुसल्या. मला कारखान्याकडे पाठवले, तेव्हा मी "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत आले. "स्वस्त माल," एमिल म्हणाला. "ते दुसरं काय लिहिणार?" व्हर्ना समोर बसून बटाटे सोलत होती. ते ती आता बोटांनी चाचपून सोलत असे. गाडी चालवायचेही तिने सोडले होते. कंटाळा येतो, म्हणाली होती.

क्लबात एकदा एमिल कागद लावायला गेला असताना ऑगी तिच्या टेबलापाशी येऊन बसला.

"व्हर्ना, दुर्बिणीला काही झालेलं नाही. मी बघितली."

"मला माहीत आहे."

"मग डोळे दाखव."

"दाखवलेत. दोन्ही. त्याला औषध नाही."

"एमिलला सांगितलंस?"

"नाही. तूही सांगू नकोस. नळ गळायला लागला तर तो जेवत नाही, ऑगी. हे त्याला दुरुस्त करता यायचं नाही. दुर्बीण करता येते. करू दे त्याला."

एमिल हात चोळत परत आला. "काय गुपित चाललंय?"

"तुझ्या दुर्बिणीच्या चुगल्या," व्हर्ना म्हणाली.

डॉक्टरांनी तिला एक कागद दिला होता. त्यावर बारीक चौकटी आणि मधे एक ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याकडे पाहायचे, डाग वाढला का ते कळते. खालच्या सूचना तिने कात्रीने कापून टाकल्या आणि कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. मित्रांनो, दुर्बिणीचा नेम जुळवायचा कागदही हुबेहूब असाच असतो, चौकटी आणि मधे ठिपका. ऑगीच्या दुकानात त्यांचा गठ्ठाच असे. एमिलला वाटले, व्हर्नाने माझ्यासाठीच तो आणला आहे.

त्याने तो काढला, मैदानावर नेला आणि माझ्यातून पाहून पाच गोळ्या मारल्या. घरी येऊन कागद तिच्यापुढे ठेवला.

"बघ. पाच गोळ्या, एक भोक. आणि मी काही मोठा नेमबाज नाही. आता पक्की बसली दुर्बीण."

व्हर्नाने कागद खिडकीकडे वळवला. सरळ पाहिले, मग तिरपे पाहिले. मग कागदाच्या कडेवर बोट ठेवून ते हळूहळू आत नेले. बोटाचे टोक भोकात गेल्यावर ती थांबली.

"छान," ती म्हणाली. "बरोबर मधोमध."

"दिसलं ना?"

"दिसलं की."

तिने तोच कागद पुन्हा फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डोळा झाकून ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिला भोक असले काय आणि नसले काय, सारखेच होते.

पुढच्या शनिवारी सहा वर्तुळे कोरी राहिली. एमिलने मला रायफलवरून उतरवून खणात टाकले आणि छत्तीस पटीची आणली. "घेऊ नको," ऑगी म्हणाला, पण का ते त्याला सांगता आले नाही. व्हर्नाने तिच्यातून एकदाच पाहिले आणि म्हणाली, "एमिल, मला आता या खेळाचा कंटाळा आलाय." तिने रायफल कापडात गुंडाळून कपाटात ठेवली.

दोन हिवाळ्यांनंतर तिच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. इस्पितळात तीन दिवस होती. तिची वाचा गेली होती. चौथ्या दिवशी ती गेली.

एप्रिलमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यातून पत्र आले. व्हर्ना तपासणीला आली नाही, असे त्यात होते. सोबत नवा चौकटींचा कागद होता, खालच्या सूचनांसकट. एमिलने त्या उभ्यानेच वाचल्या. एक डोळा झाका. मधल्या ठिपक्याकडे पाहा. ठिपका दिसत नसेल तर कळवा. त्याने तो कागद फ्रिजवरच्या भोक पडलेल्या कागदाशेजारी धरला. मग खणातून मला काढले, कोटाच्या खिशात घातले आणि चालत ऑगीकडे गेला.

"हिच्यात दोष आहे का, सांग."

"नाही."

"कधी होता?"

"नव्हता."

एमिलने पत्र पुढे सरकवले. ऑगीने ते वाचले नाही.

"तुला माहीत होतं."

"होतं. ती म्हणाली, त्याच्या हाताला काम राहू दे."

एमिलने मला वाळूच्या पिशवीवर ठेवले. कडे फिरवले. डोके डावीकडे नेले, उजवीकडे नेले. समोर तोच माशांचा फलक. माझी फुली हलली नाही.

"वर्षभर," तो म्हणाला. "वर्षभर मी काच पुसत बसलो, ऑगी. आणि ती समोर बसलेली होती."

ऑगी म्हणाला, "ठेवून जा. विकून टाकतो."

"नको. हिला मी उगीच खूप बोललोय."

म्हणून मी पुन्हा या खणात आले. आता माझ्यातून कोणी पाहत नाही आणि पाहणारही नाही. सेल काढायला खण उघडतो तेव्हा मला फ्रिज दिसतो. भोक पडलेला कागद अजून तिथेच आहे. सकाळी कधी खण उघडा राहिला, तर एमिल एक डोळा झाकून त्यासमोर उभा असलेला दिसतो. त्याला ते भोक अगदी स्पष्ट दिसते.

मित्रांनो, वस्तू जपा, असे आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतो. मला तर फार जपले गेले. तुमच्या घरात कोणी म्हणाले, की मला नीट दिसत नाही, तर काच जरूर पुसा. पण मग ती खाली ठेवा आणि त्या माणसाकडे पाहा. काय होते आहे ते विचारा. ते माणूस "काही नाही" म्हणाले, तरी लगेच उठून जाऊ नका.