डाव्या बाजूचं चाक

वॉटी कॅथकार्टचं नाव जेवताना काढायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. नियम मीच केला आणि मीच रोज मोडते. सूप वाढता वाढता तोंडातून निघूनच जातं, "वॉटीच्या एफीने नवे पडदे लावलेत, पाहिलेस का?" एफी म्हणजे वॉटीची बायको. मग डुगल चमचा खाली ठेवतो आणि आमचं जेवण तिथेच संपतं.

डुगल माझा नवरा. तो आणि वॉटी एकाच वर्षी ग्रीनॉकच्या गोदीत कामाला लागले. डुगल फिटर, वॉटी सुतार. दर हिवाळ्यात 'लेडी मोरॅग' डागडुजीला यायची. दोन्ही कुशींना चाकं असलेली ती आगबोट. उन्हाळी सुट्टीत सगळं गाव तिच्यावर बसून रॉथसेला जायचं. डुगल चाकाखाली ग्रीसमध्ये लोळून एकेक फळी घट्ट करायचा आणि वॉटी त्या चाकावरच्या पेटीला नक्षी कोरून सोन्याचा वर्ख लावायचा. बोट निघाली की धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या, "काय गं बाई ती पेटी!" चाक पेटीच्या आत, ते कोणाला दिसणार? मीही त्या बायकांतच उभी असायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढे बोट भंगारात निघाली. मग धक्क्याच्या समितीला वाटलं की प्रतीक्षागृहात काचेच्या कपाटात तिचा हुबेहूब छोटा नमुना ठेवावा. दोघेही निवृत्त होऊन घरी बसलेले. ठरलं असं की सांगाडा, डेक, पेट्या वॉटी करणार आणि चाकं डुगल.

"पुन्हा तेच," मी म्हटलं. "तू आत, तो बाहेर."

"या वेळी चाक दिसणार," डुगल म्हणाला. "तू बघच."

उजव्या बाजूचं चाक करण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पितळेचा कीस, बटाट्यांत पितळेचा कीस, माझ्या केसांतही पितळेचा कीस. खऱ्या चाकाची फळी पाण्यात उभीच शिरते आणि उभीच बाहेर येते, कारण प्रत्येक फळी आपापल्या बिजागरीवर वळते. ते सगळं त्याने बशीएवढ्या चाकात आणलं, सुईसारख्या दांड्या घालून. मी चेष्टा करायची सोडून दिली. बघताना हातातलं काम राहून जायचं, खोटं कशाला बोलू?

आम्ही ते वॉटीकडे घेऊन गेलो. डुगलने बोटाने चाक फिरवलं. एफी चहा ओतता ओतता थांबली. वॉटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, वाकून बराच वेळ बघितलं.

"छान आहे," तो म्हणाला, आणि लाकूड चिकटवायला सरस कुठला चांगला यावर बोलायला लागला.

छान आहे! जसा काही मी केक करून नेला होता.

"वॉटी, एक बाजू उघडी ठेवू या," डुगल म्हणाला. "पेटी नकोच तिथे. लोकांना चाक दिसू दे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अर्धी दाढी केलेल्या माणसासारखी दिसेल बोट."

"सोनं दिसलं पाहिजे ना तुझं?"

"माझं कसलं? बोट तशी होती, लेका. मी काय करू?"

"बोटीत चाकही होतं."

"होतं, पेटीच्या आत."

पुढच्याच आठवड्यात वॉटीने उजवी पेटी बसवून पक्की चिकटवून टाकली. सूर्याच्या किरणांसारख्या कोरलेल्या पट्ट्या, मध्ये नाव, कडेने वर्ख. पेपरवाला फोटो काढायला आला. फोटो छापून आला तेव्हा मी तो भिंगातून पाहिला. मध्ये वॉटी, शेजारी पेटी, मागे ट्रे घेऊन एफी. डुगलचं कोपर तेवढं आलं होतं.

"कोपर चांगलं आलंय," मी म्हटलं.

तो हसला नाही. उठला, कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला, त्याचं गोल झाकण टेबलावर ठेवलं आणि कात्री घेतली. नाताळात एफीनेच दिलेला डबा. झाकणावर शिंगांचं सांबर, मागे डोंगर.

"काय करतोयस?"

"डावं चाक," डुगल म्हणाला. "बोटीची डावी बाजू भिंतीकडे राहणार. वर पेटी. आत चाक आहे की झाकण, कोण बघायला येतंय? मी पुन्हा डोळे फोडून घेऊ, त्याचं सोनं मिरवायला?"

बायकोने अशा वेळी नवऱ्याला आवरावं म्हणतात. मी झाकण घट्ट धरलं, म्हणजे त्याला नीट कापता यावं.

डावी पेटी त्याने वॉटीकडून घरी मागून आणली. निमित्त सांगितलं की उजवीकडे चाक घासतंय, या वेळी मीच आत बसवून मागून फळी लावून देतो. वॉटीने पेटी तान्ह्या बाळासारखी गुंडाळून दिली.

"समोरच्या कडेला सरस लावू नकोस हं, डुगल. वर्ख उडतो."

"आता हा मला सरस लावायला शिकवणार," डुगल रस्ताभर धुसफुसत होता. पण समोरच्या कडेला त्याने सरस लावला नाही. कारागीर तो कारागीरच.

उद्घाटनाला गावातले झाडून सगळे आले होते. 'लेडी मोरॅग'चे जुने कप्तान गॅलब्रेथ काठी टेकत आले. एफीने निळी टोपी घातली होती, माझ्या टोपीपेक्षा चांगली. कपाटावरचं कापड काढलं. बोट उलट्या बाजूने ठेवली होती. डावी बाजू लोकांकडे, उजवी भिंतीकडे.

"वॉटी," डुगल कुजबुजला, "ही बाजू कशी काय?"

"गप रे," वॉटी म्हणाला आणि पुढे झाला. त्याला भाषण येत नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "कप्तानसाहेब, मंडळी. डुगलने चाक फिरवून दाखवलं त्या रात्री मला झोप लागली नाही. जळलो मी, सरळ सांगतो. त्याच्यापुढे माझं सोनं म्हणजे नुसता रंग वाटला. म्हणून घाईघाईने उजवी पेटी चिकटवून टाकली. नंतर लाज वाटली. ती आता निघत नाही. पण डाव्या पेटीला मी नक्षीआड बिजागरी लावलीय. डुगललाही ठाऊक नाही. समितीला सांगून बोटच फिरवून ठेवली."

कप्तान म्हणाले, "म्हणजे चाक बघायला मिळणार? वीस वर्षं बोट हाकली मी, पण चाक कधी निवांत बघितलं नाही."

डुगलने माझा हात धरला. लग्नात धरला होता त्याहून घट्ट.

वॉटीने कपाटाचं दार उघडून नखाने पेटीची समोरची बाजू ओढली. ती जराशी कलली. आम्ही चौघं जवळ होतो, म्हणून आम्हा चौघांनाच दिसलं. सोन्याच्या कडेतून सांबर आमच्याकडे बघत होतं.

एफीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने स्वतःच्या हाताने दिलेला डबा होता तो. वॉटीने पेटी मिटली आणि तिच्यापुढे आडवा उभा राहिला.

"अडकलीय, कप्तानसाहेब," तो म्हणाला. "सरस ओला असणार. माझीच चूक. पुन्हा कधीतरी दाखवू."

"अरेरे," कप्तान म्हणाले. "पण चाक खरंच एवढं चांगलं आहे?"

"असं चाक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," वॉटी म्हणाला. तो भिंतीकडच्या बाजूकडे बघत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डुगलच्या पाठीवर थापा पडल्या. खाली पितळी पट्टी होती. तिच्यावर दोन नावं होती आणि डुगलचं पहिलं होतं. एफीने मला चहा आणून दिला. साखर किती घालायची तेही तिने विचारलं नाही, तिला माहीत आहे.

घरी जाताना पाऊस लागला. बंदराच्या वळणावर डुगल थांबला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "चांगुलपणातसुद्धा पुढे गेला मेला."

मला एफीच्या त्या चहाचाच राग आला होता. तिने चारचौघांत मला दोन शब्द सुनावले असते तर मी सुखाने झोपले असते.

दुसऱ्याच दिवसापासून डुगल टेबलावर बसला. पुन्हा बटाट्यांत पितळेचा कीस आला. या वेळी त्याने पहिल्यापेक्षाही सरस चाक केलं. बोट लागलं की फिरतं, आणि आवाज म्हणून नाही.

ते तयार होऊन बरेच दिवस झाले. कोपराच्या फोटोवाल्या पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवलंय, बिनझाकणाच्या डब्याशेजारी. धक्क्यावर कप्तान दोनदा विचारून गेले. किल्ली मागायला मी म्हणते तू जा, तो म्हणतो तू जा. काचेच्या कपाटाची किल्ली वॉटीकडे आहे, दारामागच्या खिळ्याला. आणि त्यांच्याकडे दार एफीच उघडते.