कोपरापर्यंत मंजूर

गुणाजीने दीर्घ श्वास घेतला की त्याचा उजवा हात कोपरात वाकायचा. श्वास सोडला की खाली यायचा. यात देवाधर्माचं काही नव्हतं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली, खांदा आधी आपटला आणि मानेतून हातात उतरणाऱ्या नसा मुळासकट उपटल्या गेल्या. ट्रेलर चालवणारा तो हात मग वाळत घातलेल्या बोंबलासारखा लोंबत राहिला.

डॉक्टर अजेय आठल्यांनी बरगड्यांमधल्या नसा काढून दंडाला जोडल्या. संशोधन होतं, म्हणून फुकट होतं. दीडेक वर्षाने दंड हलला. पण त्या नसा मूळच्या श्वासाच्या कामावरच्या. बदली झाली तरी जुनं खातं विसरेनात. हात गुणाजीचं ऐकायचा नाही, फुप्फुसाचं ऐकायचा. पुतणीच्या हळदीत हळद नाकात गेली, गुणाजी शिंकला, हात वर गेला. डीजेवाल्याला वाटलं, काका तेच गाणं परत मागतायत. मांडव हसला. गुणाजीही हसला, तेव्हा हात आणखी नाचला.

बोटं मात्र मेलेलीच होती. तांदळाची भाकरी एका हाताने मोडत नाही. चिंबोरीची नांगी तर फुटतच नाही. त्याची बायको कमळ फोडून द्यायची, आणि गुणाजी ताटाकडे बघत बसायचा, पोरासारखा.

"दुसऱ्या टप्प्यात मांडीचा स्नायू हातात बसवू. बोटं मिटतील," डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर तो जगत होता. फोन केला की डॉक्टर नेमके परदेशी किंवा शस्त्रक्रियेत असत.

आणि एके दिवशी डॉक्टरांचाच फोन आला. काशीदच्या रिसॉर्टमध्ये हाताच्या सर्जनांची परिषद आहे, गाडी पाठवतो, या. दुसऱ्या टप्प्याचंही बोलू.

"त्यानी तुमचे कोपराला गुल लावलाय, चाटाला कदी गावाचा नाय," कमळ म्हणाली. पण नवी साडी नेसली आणि गाडीत बसली.

काशीदला समुद्र होता. परिषद मात्र पडदे ओढून एसीत चालली होती. मागच्या बाजूला जेवण मांडलेलं, पुढे स्टेज. गुणाजीला सदरा काढायला लावला. पडद्यावर त्याचाच फोटो होता, डोळ्यांवर काळी पट्टी. चोर पकडल्यावर पेपरात देतात तसा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: निकाल, उत्कृष्ट.

"डाक्टर, बोटांचा कदी?" त्याने हळूच विचारलं.

"आधी हे होऊ दे. श्वास घ्या."

गुणाजीने श्वास घेतला नाही. आख्ख्या आयुष्यात आपल्याकडे कुणाला हवी अशी एकच वस्तू आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो छाती दाबून उभा राहिला. हात सरळ लोंबत होता. पहिल्या रांगेतले पाहुणे पुढे वाकले.

"गुणाजी, दीर्घ श्वास," डॉक्टर माइकवरून हसून म्हणाले. माइक हाताने झाकून दात ओठ खात म्हणाले, "तमाशा करू नका. श्वास घ्या!"

"घेन. बोटांचा बोला पयले."

"अहो, प्रकल्प कोपरापर्यंतच मंजूर होता! कोपर वाकलं, प्रकल्प संपला. आता पुढचा खांद्याचा आहे. त्यात घालतो तुमचं नाव."

"खांद्याला चार मानसा हायेत आमचे गावान!" गुणाजी ओरडला. "मना बोटा पायजेत!"

ओरडायचं तर आधी छाती भरून हवा घ्यावी लागते. ती त्याने घेतली, आणि हात झोकात वर आला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"टाल्या कसल्या वाजवताव? मी शिव्या देतंय!" हात आणखी वर गेला. टाळ्या आणखी वाढल्या. एक पाहुणा मोबाइल धरून उभा राहिला. जितका राग येई तितका निकाल सुधारत होता. डॉक्टरांनी तर आनंदाने कोनमापक काढला.

कमळ मागच्या रांगेतून उठली. जेवणाच्या टेबलावरून तिने रश्शातली एक मोठी चिंबोरी उचलली, तडक स्टेजवर गेली आणि ती नवऱ्याच्या वर आलेल्या तळव्यावर ठेवली. बोटं पसरलेलीच राहिली. चिंबोरी घसरली आणि डॉक्टरांच्या बुटावर पडली. रस्सा मोज्यात गेला.

"आता वाजवा," कमळ म्हणाली.

कोणी वाजवली नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सर्जनांनी घसा खाकरला. "आणि पंजा?"

"पंजा आमच्या अभ्यासात नव्हता, सर," डॉक्टर आठल्ये म्हणाले. ते खरंच होतं. सूत्रसंचालिकेने पुढच्या पेपरचं नाव पुकारलं.

"एक मिनिट, फोटो राहिला," फोटोग्राफर आडवा आला. "काका, परत एकदा वर करा ना."

गुणाजीने तोंड गच्च मिटलं. खांद्यावर सदरा टाकला आणि श्वास रोखूनच खुर्च्यांच्या रांगांमधून चालू लागला. चेहरा तांबडा, मग जांभळा झाला. फोटोग्राफर दारापर्यंत मागे मागे आला, पण हात तसूभर हलला नाही. यापुढे यांना फुकटात एक अंशसुद्धा द्यायचा नव्हता.

बाहेर सुरूच्या झाडांखाली आल्यावर त्याने श्वास घेतला. हात वर आला. कमळने तो धरला आणि ती त्याचं एकेक बोट मिटवायला लागली. सोडलं की बोट उघडत होतं.

"मेल्यांनो," ती म्हणाली, आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.